कुठे जेवावे, असे कोणी विचारले तर

"मॅडम, तुमच्या गावात खायला चांगलं कुठं मिळतं?"

हा प्रश्न आम्हाला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी विचारला जातो. आमचे गाव म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. कोणी वेरूळ-अजिंठा पाहायला येतो, कोणी खंडपीठात तारखेला, कोणी खुलताबादच्या दर्ग्यांना, तर कोणी आमच्यासारखाच शिक्षक प्रशिक्षणाला. दुपारी एकच्या सुमाराला सगळ्यांची गाडी याच प्रश्नावर येऊन थांबते. आणि आम्ही उर्दू शाळेतले, शहागंजच्या बाजूला राहणारे. म्हणजे खाण्यातले आम्हाला कळतेच, असे लोक गृहीत धरतात.

उत्तर तोंडपाठ असते. नान-खलिया खा. गुलमंडीला इमरती घ्या. जेवणानंतर तारा पान. हंगाम असेल तर दौलताबादच्या रस्त्यावर टोपलीतली सीताफळे. नान-खलियाबद्दल सांगताना आम्ही जरा जास्तच बोलतो. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लवाजम्याबरोबर हे जेवण आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, असे आमच्याकडे सांगतात. जाड, गोल, वरून पिवळसर चकाकणारी तंदुरी नान आणि लाल तर्रीचे गोश्त. शेकडो लोकांना एका पंगतीत वाढता येईल असा हा लष्करी बेत. आजही आमच्याकडच्या लग्नात आणि मयतीनंतरच्या जेवणात तोच असतो. श्रीमंताच्या मंडपात तोच, हमालाच्या अंगणातही तोच. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो लपवायचे कारणही नाही.

पण गेली काही वर्षे हा प्रश्न आला की आम्ही जरा थांबतो. वरवर पाहता हा पोटाचा प्रश्न. आम्हाला मात्र तो जबाबदारीचा वाटू लागला आहे.

पहिली हरकत आमच्या अम्मीची. हॉटेलचे नाव सांगणेच तिला मान्य नाही. "मेहमान कू पता नै बताते बेटा, दस्तरखान बिछाते," असे ती म्हणते. तिच्या बाजूने दाखला मोठा आहे. हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, तेव्हा ते गुपचूप घरात गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले. काय खाणार, किती खाणार, हे विचारत बसले नाहीत. विचारले की पाहुणा संकोचाने नको म्हणतो, म्हणून ते न विचारता उठले, असे आलिम लोक समजावून सांगतात. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सकाळी साडेसातची शाळा सांभाळून, प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस माणसांना दस्तरखान कसे घालायचे, हे मात्र अम्मी सांगत नाही. तेव्हा पत्ता सांगणे ही आमच्या काळातली, कमी ऐपतीची मेहमाननवाजी आहे, असे आम्ही मनाशी ठरवले आहे. अम्मीला ते पटलेले नाही.

दुसरी गोष्ट लहान आहे. आमच्या चुलतभावाचे जालना रोडला हॉटेल आहे. बिर्याणी बरी असते. बरीच म्हणजे फक्त बरी. पूर्वी आम्ही पाहुण्यांना डोळे मिटून तिकडे पाठवायचो. नात्यातल्याचे भले आणि पाहुण्याचे पोट यात पाहुण्याचे पोट हरायचे. आता "भावाचं हॉटेल आहे" एवढे आधी सांगतो. पुढे ज्याचे त्याने ठरवावे. रिक्षावाल्याने कमिशन घेऊन गिऱ्हाइकाला एखाद्या हॉटेलवर नेले की आम्ही त्याला नावे ठेवतो. नात्याचे कमिशन मात्र आमच्या डोळ्यांना दिसत नाही.

खरी गोष्ट तिसरी आहे.

२०१७ च्या डिसेंबरात आमच्याकडे एक प्रशिक्षण होते. साताऱ्याकडच्या एक बाई आमच्या शेजारी बसायच्या. मराठी शाळेच्या, वयाने आमच्यापेक्षा मोठ्या, बोलायला मोकळ्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, ते नान-खलिया म्हणतात ते खायचंय. आम्ही मटण-चिकन सगळं खातो. कुठं जाऊ सांगा." आम्ही तत्परतेने एका खानावळीचे नाव सांगितले, रिक्षाला किती द्यायचे तेही सांगितले, आणि पडद्यामागे बायकांना बसायला वेगळा कोपरा आहे, हेही सांगितले. संध्याकाळी त्या आणि त्यांच्या दोन सोबतिणी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी खुशीत होत्या. "काय मऊ मटण होतं हो," असे म्हणाल्या, आणि आमच्या पोटात खड्डा पडला.

ते मटण नव्हते. ते मोठ्याचे होते.

गैरसमज नको म्हणून कायद्याचे सांगतो. गायीच्या कत्तलीला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्यात नाही. त्या खानावळीत म्हशीचे गोश्त शिजते आणि त्यात बेकायदा काही नाही. पण बाईंनी आम्हाला कायदा विचारला नव्हता. त्यांनी मटण म्हणून विश्वासाने विचारले आणि आम्ही सांगायचे विसरलो. विसरलो, हेही अर्धेच खरे. आमच्या घरात, आमच्या मोहल्ल्यात ते इतके रोजचे आहे की त्यात सांगण्यासारखे काही आहे, हे आमच्या ध्यानातच आले नाही. आपले जे रोजचे, तेच जगाचे रोजचे, अशी ही चूक. आमच्या शेजारच्या एखाद्या बाईने "आमटीत काय असतं, काहीच नसतं" म्हणावे आणि आपल्याला हिंगाची ॲलर्जी असावी, तसे काहीसे. पण नाही, उपमा हलकी पडली. ॲलर्जीचा त्रास औषधाने आटोक्यात आणता येतो.

खानावळीवर पाटी होती. 'बडे का' असे तीवर स्पष्ट लिहिले होते. उर्दूत. आम्ही जी लिपी रोज फळ्यावर लिहितो, त्या लिपीत. बाईंच्या डोळ्यांसमोर खरे टांगलेले होते आणि ते त्यांना वाचता येत नव्हते.

आता सांगावे की न सांगावे? त्या रात्री आम्ही घरात हा प्रश्न टाकला. आमचे शौहर म्हणाले, "झालं ते झालं. त्यांना माहीत नाही, तर त्यांचं काय बिघडलं? सांगितलंत तर आयुष्यभराची मळमळ द्याल." हा युक्तिवाद कच्चा नाही. ज्याचा धर्म त्याच्या नियतीवर असतो, अजाणता घडलेल्याचा गुन्हा नसतो, हे आमच्याकडेही मानतात. शिवाय आणखी एक भीती होती, ती कोणी बोलून दाखवली नाही. त्या दिवसांत अशी गोष्ट कोणाच्या तोंडून कुठे जाईल आणि त्या खानावळीवर काय बेतेल, याचा नेम नव्हता. दोन वर्षांपूर्वीचे दादरीचे प्रकरण सगळ्यांच्याच मनात होते.

आम्हाला झोप लागली नाही ती तिर्मिझीतल्या एका प्रसंगामुळे. पैगंबर साहेब, अबू बक्र आणि उमर तिघेही भुकेने घराबाहेर पडतात आणि अबुल हैसम या अन्सारींच्या बागेत जातात. ते चटई अंथरतात आणि खजुराचा अख्खा घोस समोर ठेवतात. नुसते पिकलेले का निवडून आणले नाहीत, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर असे, की पिकलेले आणि अर्धे पिकलेले दोन्ही समोर असावेत, निवड आपण करावी. पुढे त्यांना एक सेवक द्यायची वेळ येते तेव्हा ते पैगंबर साहेबांनाच म्हणतात, माझ्यासाठी आपणच निवडा. त्यावर पैगंबर साहेब सांगतात, की ज्याचा सल्ला घेतला जातो त्याच्याकडे ती अमानत असते. हे वचन आम्ही शाळेत मुलांना शिकवतो, पण एकटे, सुटे. ते जेवणाच्या प्रसंगातले आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट लक्षात आले. अबुल हैसमनी पाहुण्यांपुढे सगळा घोस ठेवला होता. आम्ही आमच्या आवडीचे तोडून पुढे केले आणि ते काय आहे, तेही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाईंना बाजूला घेऊन सांगितले. म्हशीचे होते, आणि चूक आमची, खानावळीची नाही, असेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. डब्याचे झाकण लावले. मग म्हणाल्या, "अगोदर सांगायला हवं होतं. आणि आता नसतं सांगितलं तरी चाललं असतं." एवढेच. रागावल्या नाहीत. उरलेले दोन दिवस शेजारीच बसल्या, पण खाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. त्यांच्या सोबतिणींना त्यांनी सांगितले की नाही, ते आम्ही विचारले नाही.

त्यांचे दुसरे वाक्य आजही आम्हाला टोचते. आम्ही सांगितले ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी? आमच्या छातीवरचे ओझे उचलून त्यांच्या छातीवर ठेवले, एवढेच तर झाले नाही ना? खूप विचार करून आमचे मत असे झाले आहे की सांगणे योग्यच होते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगू. त्या परत गावी जाऊन "औरंगाबादचं मटण" म्हणून कौतुक करत राहिल्या असत्या, आणि ते खोटे आमच्या तोंडचे असते. पण या मताने आमचे पूर्ण समाधान होत नाही, हेही कबूल करतो. ज्याची किंमत दुसऱ्याने मोजली, त्या खरेपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटता येत नाही.

या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणा माणूस आम्ही पाहिला आहे. पुण्याला बी.एड. करत असताना आम्ही पहिल्या आठवड्यात नुसत्या केळ्यांवर आणि बिस्किटांवर होतो. आमच्या पद्धतीचे शिक्षक वयस्कर, घरी कांदा-लसूणही न खाणारे. त्यांना हे कसे कळले कोण जाणे. एका संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी दिली. कॅम्पातल्या एका खानावळीचा पत्ता. "मशिदीत जाऊन विचारून आलोय. तिथले लोक म्हणाले, हलाल आहे. तुम्हीही एकदा खात्री करून घ्या." जे स्वतः कधी तोंडात घालणार नाहीत, त्याची चौकशी ते स्कूटरवरून करत फिरले होते. चव कशी आहे, हे त्यांना सांगता येणार नव्हते आणि ते त्यांनी सांगितलेही नाही. पाहुण्याला काय चालते, हे त्यांनी पाहुण्याच्या बाजूने जाऊन विचारले. आम्ही आमच्याच बाजूने बसून पत्ता सांगितला.

त्या प्रशिक्षणानंतर आम्ही खानावळीच्या मालकांना जाऊन भेटलो. मराठीतही पाटी लावा, आम्ही स्वतः लिहून देतो, रंगाचा खर्चही देतो, असे म्हणालो. ते हसले. "उर्दूत लिहिलंय ते गिऱ्हाइकासाठी, मॅडम. मराठीत लिहिलं तर ते कोणासाठी होईल?" आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे लिहिणे हा त्यांचाही धर्म आहे, हे त्यांना आमच्याइतकेच कळते. पण कायद्यात बसणारी गोष्टही ठळक अक्षरांत लिहायची छाती होऊ नये, अशी वेळ एखाद्या माणसावर आली असेल, तर त्याला नीतीचा पाठ द्यायला आम्ही कोण? पाटी आजही उर्दूतच आहे. म्हणून जी पाटी तिथे लागत नाही, ती आम्ही आमच्या तोंडाने वाचून दाखवतो. नाव सांगतो, रस्ता सांगतो, गोश्त कशाचे ते सांगतो, मटणाचे हवे असेल तर दुसरी जागा सांगतो आणि शाकाहारी असतील तर तिसरी. काही पाहुण्यांना हे ऐकून अवघडल्यासारखे होते. एकदोघे हसून म्हणाले, "एवढं कशाला सांगता?" काही जण गेलेच नाहीत. काही मुद्दाम गेले.

मागच्या हिवाळ्यात नागपूरचे एक तरुण शिक्षक असेच विचारायला आले. आम्ही नेहमीप्रमाणे सगळे सांगितले, नानचे कौतुकही केले. त्यांनी सहज विचारले, "तिथं गर्दी कधी कमी असते, मॅडम? तुम्ही कोणत्या वेळेला जाता?"

आम्ही जातच नाही. आमच्याकडे ते डब्यातून येते. आधी अब्बा आणायचे, आता शौहर आणतात. शहागंजच्या बायांनी खानावळीत बसून जेवायची रीत नाही. बायकांचा कोपरा आहे तो बाहेरगावच्यांसाठी. म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्या जागेची खात्री देत आलो, ती आम्ही आतून पाहिलेलीच नव्हती. मालकांना भेटलो तेही दारात उभे राहून. त्या तरुणांना हे सांगितले. त्यांना नवल वाटले.

त्यानंतरच्या रविवारी लेकीला घेऊन आम्ही गेलो. गल्ल्यावरचा पोरगा ओळखीचा, आमच्याच शाळेतून सातवी करून गेलेला. उठून सलाम केला आणि डबा घ्यायला हात पुढे केला. "पार्सल ना, बाजी?"

"नाही," आम्ही म्हणालो. "इथंच."

तो क्षणभर पाहत राहिला. मग फडके घेऊन आत गेला आणि पडद्यामागचे टेबल पुसू लागला.