स्थिती: खराब

तालुक्याच्या गावात, एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत एक छोटं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आहे. नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. मे महिन्यात तीन आठवडे मी तिथे वस्तूंची मोजणी करत होते. लॅपटॉपवर एक्सेलची शीट, फोटोसाठी फोन, शिवणकामाची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एवढंच सामान.

मोजणी दोन दिशांनी करायची असते. आधी वहीतली नोंद घेऊन वस्तू शोधायची, मग कपाटातली वस्तू घेऊन वहीत तिची नोंद शोधायची. दोन्हीकडून जुळलं की ती ओळ हिरवी. पहिल्या आठवड्यात आमच्या निम्म्याही ओळी हिरव्या झाल्या नाहीत. वही एका निवृत्त शिक्षकांनी सुंदर अक्षरात लिहिली होती. पण 'पितळी भांडी – 14' अशी नोंद आणि कपाटात पितळी भांडी 22, तर त्यातली 14 कोणती? 'जुनी नाणी, एक डबा' अशीही नोंद होती. डबा सापडला, त्यात बटणं होती.

नंबर थेट वस्तूवर लिहीत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-72 नावाच्या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने नंबर, वर पुन्हा एक थर. उद्या नंबर चुकीचा निघाला तर ॲसिटोनने पुसून टाकता येतो, वस्तूला धक्का लागत नाही. असली कामं मला आवडतात, डोकं शांत राहतं. अवघड जातात ते रकाने, जिथे शब्द लिहावे लागतात. एका समईला 'शिवकालीन' अशी चिठ्ठी होती. तिचा खांब मशीनवर पाडलेल्या आट्यांनी जोडलेला. मी 'काळ: अज्ञात' लिहिलं, तर विश्वस्तांपैकी एक जण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आपल्याकडे पितळेची वस्तू एक तर शिवकालीन असते, नाही तर पेशवेकालीन.

मग एका खणात तो कप सापडला. चिनी मातीचा, बशी नाही, नंबर नाही. तळाशी 'मेड इन इंडिया' असा पुसट शिक्का. शंभर वर्षं नक्कीच झालेली नव्हती, म्हणजे 1972च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तूही नव्हे. मी टाइप केलं: 'कप. चिनी माती. उंची 7 सेंमी. स्थिती: खराब, कान तुटलेला.'

संग्रहालयाची चावी सांभाळणारे काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ताई, खराब न्हाई झाला तो. तो तसाच असायचा."

ज्यांनी तो दिला त्या घराचा वाडा पाडला, तेव्हा अडकित्ते, पानदान, अत्तरदाणी अशा वस्तूंच्या खोक्यात तो आला होता. घरातल्या आजोबांनी खोकं देताना काकांना सांगितलं होतं, हा गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. गावकुसाबाहेरून येणाऱ्या गड्याचा. घरातल्या कपाचा कान तुटला की तो कप तिकडे जायचा. चहा वरून ओतायचा, गड्याने पिऊन स्वतः विसळायचा आणि कोनाड्यात परत उपडा ठेवायचा. काकांनी हे सांगितलं त्याच सुरात पुढे म्हणाले, "आमच्या आज्याचा असाच एक व्हता. दुसऱ्या वाड्यावर."

मी शीट सेव्ह केली आणि त्या दिवशी पुढे काहीच मोजलं नाही.

विश्वस्तांचं म्हणणं सोपं होतं आणि वरवर पाहता रास्तही. नोंदवहीत मोजता येईल तेवढंच लिहावं: काय आहे, कशाचं आहे, केवढं आहे. बाकी अर्थ लावणं झालं, ते अभ्यासकांनी करावं. मला हे बराच वेळ पटत होतं. मग मी शीट वर सरकवली. त्याच खोक्यातल्या वस्तूंसमोर मी स्वतः लिहिलं होतं 'पानदान', 'अत्तरदाणी'. 'पितळी डबा, आत चार कप्पे' किंवा 'निमुळत्या मानेचं चांदीचं भांडं' असं नव्हतं लिहिलं. म्हणजे मानाच्या वस्तूला आपण तिच्या वापराचं नाव देतो आणि त्याला कोणी अर्थ लावणं म्हणत नाही. वापर लपवून फक्त मोजमाप देण्याची आठवण आपल्याला कपापाशी येते. आणि 'खराब' हा शब्द तरी कुठे तटस्थ होता? कपाचं खरं आयुष्य कान असतानाचं, पुढचं सगळं मोडतोड, हे मी त्या एका शब्दात ठरवून टाकलं होतं. ते वाड्याच्या आतून पाहिलेलं होतं. गोठ्यातून पाहिलं तर कप धडधाकट होता आणि रोज वापरात होता.

1992 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत फ्रेड विल्सन या कलाकाराने एक प्रदर्शन मांडलं. बाहेरून काही आणलं नाही, त्याच संस्थेच्या संग्रहातल्या वस्तू. एका कपाटात नक्षीदार चांदीची भांडी आणि त्यांच्या मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. चिठ्ठी एकच: 'धातुकाम, 1793 ते 1880'. चिठ्ठीतला एकही शब्द खोटा नाही. वर्गवारी तर अगदी बिनचूक आहे. माझी ओळही अशीच बिनचूक होती.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं. याला माझं उत्तर एवढंच, की तसंच लिहायचं: कोणी सांगितलं, कोणाला, कधी. ऐकीव आहे हेही लिहायचं. समईच्या 'शिवकालीन'ला इतकी वर्षं कोणी पुरावा मागितला नव्हता.

तिसऱ्या आक्षेपाशी मी अजून अडखळते. देणाऱ्या घरातल्या नातवाला हे कुठून तरी कळलं आणि त्याचा फोन आला. तिशीतला मुलगा, शहरात नोकरी करणारा, बोलायला सभ्य. म्हणाला, आजोबा आता नाहीत, त्यांनी विश्वासाने वस्तू दिल्या, तुम्ही आमच्या घराचं नाव त्या कपाला चिकटवणार. हा कप एका फोटोसकट व्हॉट्सॲपवर फिरला तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतं. त्याने स्वतः कोणाला वरून चहा ओतलेला नाही. 'दाता' या रकान्यात नाव येणं हा आपण सन्मान समजतो, त्याचं ओझं करायचा मला हक्क आहे का?

पण ते आजोबा तो कप वाडा पाडताना फेकून देऊ शकले असते. असे किती कप कचऱ्यात गेले असतील. त्यांनी तो खोक्यात ठेवला आणि वर तो कशाचा ते सांगितलं, तेही काकांना. का सांगितलं असेल, कोण जाणे. कबुली असेल, कदाचित नुसती जुनी आठवण. अस्पृश्यता 17व्या कलमाने संपवली, 1955 साली ती पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा आला, आणि तरी हा कप आजोबांच्या आठवणीत होता. त्यांनी सांगितलेलं मी खोडलं, तर नातवाची लाज राखण्यासाठी आजोबांचा शब्द खाल्ल्यासारखं होईल. नातवाला मी एवढं कबूल केलं की प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर घराचं नाव येणार नाही. नोंदवहीत मात्र राहील. त्याला ते आवडलं नाही. इथे मी गावाचं नाव लिहीत नाही, तेही त्याच्यामुळेच.

एक रकाना मात्र भरता आला नाही. दात्याचं पूर्ण नाव, गाव, तारीख सगळं आहे. त्या कपातून जो प्यायचा त्याचं नाव काकांना माहीत नाही, आजोबांनी सांगितलं नव्हतं. आमच्या शीटमध्ये 'वापरणारा' असा रकानाच नव्हता. तो मी वाढवला. जात्यापुढे, पाट्यापुढे, पाळण्यापुढेही तो आता रिकामा दिसतो. तिथे दात्यांची नावं बहुतेक मुलांची आणि नातवांची आहेत.

काकांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "ल्हिवा की. पण काचंत लावायच्या आधी मला इचारा." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेऱ्यात ती अट लिहिली आहे.

आताची नोंद अशी आहे: 'चहाचा कप, गावकुसाबाहेरील गड्यासाठी वेगळा ठेवलेला. चिनी माती, उंची 7 सेंमी. कान नाही; याच स्थितीत वापरात. वापरणारा: नाव मिळालेलं नाही. माहिती: दात्याने संग्रहालयातील काळजीवाहकास तोंडी सांगितलेली.' फोटोसाठी मी कप सुलटा ठेवला होता. काम झाल्यावर काकांनी तो उचलला, कापडाने पुसला, क्षणभर हातात धरला आणि मला विचारलं, "ह्यो कसा ठिवू?"