चाकाचे मोजे

बसा.

खुर्ची नको. पार्किंगमध्ये, गाडीच्या पुढच्या चाकाशेजारी, फरशीवरच बसा. गार लागत असेल तर खाली जुनं पोतं घ्या.

डोंबिवलीत पहाटेचे सव्वापाच वाजले आहेत. डिसेंबर आहे. असा गारवा आपल्याकडे मोजकेच दिवस टिकतो. लांबून लोकलचा भोंगा ऐकू येतो आणि विरतो.

विरू द्या.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता उजवा तळहात टायरवर ठेवा.

रबर गार आहे. खाचांमध्ये धूळ आहे. एखादा बारीक खडा अडकला आहे. बोटांना तो लागतो. काढायची घाई नको. नुसता लागू दे.

हात सावकाश खाली न्या. टायर जिथे जमिनीला टेकला आहे, तिथपर्यंत. पुढे बोटं शिरत नाहीत.

इथेच थांबा.

हजार किलोच्या आसपास वजनाची ही गाडी. आणि एका चाकाचा जमिनीला भिडलेला भाग जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. चार चाकं, चार तळहात. घोडबंदर रोडच्या गर्दीत, शिळफाट्याच्या वळणावर, कल्याणच्या पत्रीपुलावर आपण रोज या चार तळहातांवर विसंबून असतो. त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

आज जाऊ दे.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

टायरच्या कडेला आकडे आहेत. मोबाइलचा उजेड धरा आणि सावकाश वाचा. या गाडीवर आहे १८५, मग ६५, मग आर, मग १५. रुंदी १८५ मिलिमीटर. कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आतली रिम १५ इंच. तुमच्या गाडीवर वेगळे असतील. बोट फिरवून पाहा, अक्षरं उठावाची आहेत. डोळे मिटूनही वाचता येतील.

बर्फाच्या रस्त्यासाठी चाकाचे कापडी मोजे घ्यायचे, ते या आकड्यांवरून. अंदाजाने घेतलेला मोजा सैल बसतो, आणि सैल मोजा चाक सोडून देतो. युरोपात अशा साधनांसाठी २०२० साली एक मानक आलं, ईएन १६६६२-१. पाकिटावर ते दिसलं तर चांगलं. खरेदीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं मला काही वाटत नाही.

आता पिशवी उघडा.

आत कापडाच्या दोन घड्या आहेत. एक उचला. अगदी हलकी आहे. उलगडा. कडेला इलॅस्टिक, मध्ये दाट विणीचं कापड, मोठ्या टोपीसारखं. साबणाचा पुसट वास येतो. ही जोडी माझी आहे, गेल्या जानेवारीत मनालीला जाऊन आलेली. परत आल्यावर धुतली, बाल्कनीत वाळवली.

मांडीवर पसरा. तळहात फिरवा.

उभा धागा. आडवा धागा. उभा. आडवा.

हा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. असं कापड आपल्याला परकं नाही. खाडीपलीकडे भिवंडीत आत्ताही यंत्रमाग चालू असतील. मनातल्या मनात तो आवाज ऐका. खटक, खटक, खटक. त्याच्यासोबत श्वास घ्या. बर्फाच्या रस्त्यावर गाडीच्या चाकांना असंच विणलेलं कापड चढवायचं, ही कल्पना नव्वदच्या दशकात नॉर्वेतून पुढे आली. तिथे हिवाळा लांब असतो आणि माणसांना रोज कामावर जावंच लागतं.

हात फिरवत राहा.

एका जागी वीण विरळ लागते. तिथे बोट अडतं.

असू दे. त्या जागेकडे आपण परत येऊ.

आता डोळे मिटा.

समोर सरबताचा पेला आणा. त्यात बर्फाचे दोन खडे तरंगत आहेत. हलके एकमेकांना टेकतात आणि चिकटून बसतात. हे आपण कितीदा पाहिलं आहे! १८५०मध्ये लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याच गोष्टीपाशी थांबला होता. त्याला वाटलं, बर्फाच्या अंगावर पाण्याचा अगदी पातळ थर असला पाहिजे, शून्याच्या खाली गोठलेल्या बर्फावरसुद्धा.

तो थर पाहा.

केसाहून कितीतरी पातळ. चाक त्याच्यावर येतं. थंडीने रबर कडक झालेलं असतं. त्याला धरायला काही सापडत नाही. चाक जागच्या जागी फिरत राहतं.

आता त्या चाकावर कापड आणा.

कापडाचे बारीक तंतू तो ओलावा टिपतात. भुसभुशीत बर्फाचे कण विणीत शिरतात, आणि बर्फाला बर्फ चिकटतो. पेल्यातल्या खड्यांसारखा.

टिपतात. चिकटतो. टिपतात. चिकटतो.

या लयीसोबत थोडा वेळ राहा.

हे आपल्या घरातलंच आहे. जुलै आठवा. चाळीचं अंगण, फरशीवर हिरवं शेवाळ, नळाकडे जाणारी वाट निसरडी. आई दारातून गोणपाट आणते, पाण्यात भिजवते, वाटेवर अंथरते. वर पाय पडतो आणि राहतो. मुरबाडकडे चिखलात जीप रुतली की चाकाखाली गोणपाटच सारतात. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात काही संशोधकांनी बर्फाळ उतारावर माणसांना बुटांवरून मोजे घालायला लावलं आणि २००९मध्ये ते लिहून प्रसिद्ध केलं. मोजे घातलेल्यांना वाट कमी निसरडी वाटली. आईला ते ठाऊक होतं, असं मी मनापासून म्हणतो.

डोळे उघडा.

मोजा चाकाला चढवून पाहा. इथे, कोरड्या फरशीवर, घाई नसताना. बर्फात बोटं बधिर होतात. तेव्हा हातांना आधीची ओळख असावी लागते.

ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, मोजे त्यांनाच. आपल्या बहुतेक लहान गाड्यांची ती पुढची चाकं असतात. तुमच्या गाडीचं पुस्तक पाहून घ्या.

वरून घाला, लहान मुलाला टोपी घालतात तसा. दोन्ही बाजूंनी खाली ओढा. टेकलेल्या भागाशी कापड अडेल. अडू द्या. चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी गाडी पुढे घ्या. खालचं वर आलं की उरलेलं ओढून घ्या. थोडं वाकडं बसलं तरी चालेल. चाक फिरू लागलं की कापड स्वतःच नीट बसतं.

ना पाना लागतो, ना जॅक.

परत खाली बसा. मोजा घातलेल्या चाकावर तळहात ठेवा.

मघाचं रबर आणि आत्ताचं कापड. दोन्ही स्पर्श मनात शेजारी शेजारी राहू द्या.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता चला माझ्यासोबत.

मनालीहून सोलंगच्या पुढचा रस्ता. सकाळ. देवदार पांढरे, कठडे पांढरे. पोलिस गाड्या थांबवत आहेत. कधी ते लोखंडी चेनच लावायला सांगतात, कधी फोर बाय फोरच पुढे सोडतात. त्यांच्याशी वाद नको. ते म्हणतील ते ऐकायचं.

आज जाऊ देत आहेत.

पहिला गिअर. पाय हलका. आणखी हलका.

कापडाखाली बर्फ दबतो. करकर असा बारीक, कोरडा आवाज येतो. काच थोडी खाली घ्या आणि ऐका. पाकिटावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असते, काहींवर त्याहून कमी. इथे २० पुष्कळ आहे. वळण येण्याच्या बरंच आधी वेग कमी करा. मागच्या दोन चाकांना मोजे नाहीत, ती अजून रबरच आहेत. त्यांची आठवण ठेवा.

चार तळहात. दोन कापडाचे, दोन रबराचे. अंतर ठेवा. श्वास ठेवा.

समोर अटल बोगदा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी उघडला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून जास्त. रोहतांग खिंड वर राहते, बर्फाखाली.

आत शिरताच आवाज बदलतो.

ऐकलात?

करकर थांबली. आता खरखर आहे. बोगद्यात बर्फ पडत नाही. खाली कोरडा रस्ता आहे आणि त्यावर कापड घासलं जात आहे. बोगद्यात गाडी थांबवता येत नाही. गेल्या जानेवारीत मी तोंडाशी थांबून मोजे काढायला हवे होते. पलीकडचा बर्फ मनात होता, हातात स्टिअरिंग होतं, आणि मी थांबलो नाही. अख्खा बोगदा ती खरखर ऐकत गेलो.

मघाशी बोट अडलं, ती वीण तिथे विरळ झाली.

पुन्हा त्या जागेवर बोट ठेवा. हळूच.

आता डोंबिवलीत उजाडू लागलं आहे. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजतात. दुधाच्या पिशव्या येतात. मोजे काढा, घडी घाला, पिशवीत ठेवा.

आणि तिकडे जाल तेव्हा एवढं करा.

रस्ता काळा दिसू लागला की जागा बघून गाडी बाजूला घ्या. लगेच मोजे काढू नका. काळा दिसणारा प्रत्येक रस्ता कोरडा नसतो. काही ठिकाणी बर्फाचा थर इतका नितळ असतो की त्यातून डांबरच दिसतं.

मागून गाडी येत नाही ना, पाहा. उतरा. वाका. हातमोजा काढा. तळहात रस्त्यावर टेकवा.

खरखरीत, कोरडा लागला तर मोजे काढा.

काचेसारखा गुळगुळीत लागला तर राहू द्या.