शांत किनाऱ्यावरील पाहुणा

जुन्या, निवांत अशा समुद्रकाठच्या गावी चार दिवस विसाव्यास जावे, यात काही दोष आहे काय? श्रमलेल्या मनुष्यास विश्रांती हवी आणि समुद्राचा वारा कोणाच्या मालकीचा नाही, असे उत्तर कोणीही सहज देईल. ते खोटे नाही. तथापि जी शांतता आपण तेथे भोगतो ती कशाची बनली आहे, याची चौकशी न करता ती भोगावी काय, हा प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. एका खऱ्या गावाच्या आधारे त्याचा विचार करू.

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे गाव आहे. लाटा जेथे गातात ते गाव, असा या नावाचा अर्थ सांगतात. युरोपियन लोक त्यास ट्रांकेबार म्हणत. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांस येथे जागा दिली आणि त्यांनी डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. १८४५ साली त्यांनी हे ठाणे इंग्रजांस विकले, व्यापार दुसरीकडे वळला, आणि गाव शांत झाले. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथाचे प्राचीन देऊळ तर समुद्राने पुष्कळसे खाऊन टाकले आहे.

आपणा मराठी ख्रिस्ती वाचकांस हे ठिकाण परके नाही. झीगेनबाल्ग व प्ल्युत्शाउ हे मिशनरी येथेच ९ जुलै १७०६ रोजी आले, आणि येथेच १७१५ साली तामिळ नव्या कराराची छपाई पुरी झाली. १७५० साली येथे आलेले श्वार्ट्झ पुढे तंजावरास गेले व तेथील मराठे राजे दुसरे सरफोजी यांचे गुरू झाले. त्या गुरूचे संगमरवरी स्मारक राजाने तंजावरच्या चर्चमध्ये उभारविले.

प्रवासी येतो, किल्ल्याची शोभा पाहतो, वाळूवर फिरतो आणि म्हणतो, “केवढी ही शांतता!” पण याच किल्ल्याच्या अधिकाऱ्याने १७०८ साली झीगेनबाल्गला सुमारे चार महिने कोंडून ठेविले होते. एका विधवेच्या कर्जाच्या प्रकरणी तो बोलला, हे त्याचे एक निमित्त होते. आणि ज्या वाळूवर प्रवासी फिरतो, तिच्यावरूनच २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीचे पाणी आत शिरले. त्या वेळच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली, आणि त्यांत या गावचे पुष्कळ कोळीही होते. त्यानंतर कोळ्यांसाठी किनाऱ्यापासून आत नवी घरे बांधली गेली. समुद्रासमोरच्या जुन्या बंगल्यात मात्र प्रवासी उतरतात. दोन्ही गोष्टींस कारणे आहेत. परंतु लाटांचे गाणे आता कोणाच्या खिडकीशी ऐकू येते, हे पाहुण्याने एकदा तरी मनात आणावे.

मग तेथे जाऊच नये काय? तसे नाही. न गेल्याने कोणाचे दुःख हलके होत नाही, आणि पाहुण्याच्या येण्याने काही घरांची चूल पेटते. पण पैसे चुकते केले म्हणजे सर्व ऋण फिटले, असे समजणे ही मोठी चूक आहे. पैशाने खोली मिळते व जेवण मिळते; ज्यांच्या गावी आपण गेलो त्यांस न ओळखण्याचा परवाना मिळत नाही. पडक्या भिंतीचे वय विचारणाऱ्याने जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्याचे कुशल विचारावे. दगडांविषयी आदर आणि माणसांविषयी बेफिकिरी, हा आदर नव्हे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजकाचीही दृष्टी शाबूत होती. उणे होते ते दुसरेच.

प्रिय वाचकहो, आपणांपैकी बहुतेक खेड्यांत राहणारे. शहरातून आलेला पाहुणा आपल्या अंगणात खाट टाकून म्हणतो, “तुमचे गाव किती शांत!” त्या शांततेत मुंबई-पुण्यास पोटासाठी गेलेल्या मुलांची रिकामी घरे किती, हे आपणांस ठाऊक असते. तो पाहुणा वाईट नसतो. त्याने विचारलेले नसते, एवढेच. म्हणून आपणच कोठे पाहुणे होऊन जाऊ, तेव्हा प्रथम विचारावे आणि मग विसावा घ्यावा. असे केल्याने विश्रांती उणी होत नाही. उलट, ज्यांच्या दारी ती मिळाली त्यांची नावे घेऊन आपण परत येतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आपणांस शक्य होते.