भिंतीपलीकडचा श्रोता

मोठा आवाज आणि पोचणारा आवाज ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळामास्तराला हे फार लवकर कळते. वर्गात गलबला सुरू झाला की नवखा शिक्षक ओरडतो, आणि वर्ग त्याच्यावर ताण करतो. जुना शिक्षक आवाज उतरवतो, आणि मागच्या बाकावरची पोरे कान टवकारतात. पण वर्गात मुले असतात चाळीस-पन्नास. मैदानावर पन्नास हजार माणसे जमली तर मास्तरांची ही युक्ती कुठवर पुरणार?

पूर्वी माणसाने ह्या प्रश्नाला छातीच्या जोरावर उत्तर दिले. शाहीर डफावर थाप मारून गर्दी जिंकत, कीर्तनकार देवळाचा मंडप भरून टाकीत, आणि नाटकातला नट शेवटच्या रांगेसाठी आपला गळा तयार करी. मग विजेचा कर्णा आला. १९१५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी जेन्सन आणि प्रिडहॅम ह्या दोघांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात तो हजारो लोकांना ऐकवला. पुढे १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन काचेच्या खोलीत उभे राहून सुमारे पन्नास हजारांच्या समुदायाशी बोलले. त्या दिवसापासून गळ्याची मर्यादा संपली, आणि मर्यादा घालून घेण्याची जबाबदारी सुरू झाली.

ही जबाबदारी कोणाची? मोठ्या जलशात एक माणूस रंगमंचावर नसतो, तो श्रोत्यांच्या मधोमध मांडलेल्या टेबलाशी बसतो. त्याच्यासमोर शेकडो खटके आणि सरकपट्ट्या. गायकाला टाळ्या मिळतात. ह्याच्याकडे माना वळतात त्या फक्त कर्ण्याने शीळ घातली म्हणजे. तो इथे बसतो, कारण श्रोत्याला काय ऐकू येते हे श्रोत्यांत बसल्यावाचून कळत नाही. आपले नेते आणि वक्ते एवढे जरी शिकले तरी पुष्कळ झाले!

त्याच्या विद्येतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली वाटपाची. मोकळ्या मैदानात एका कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ६४ मीटरवरच्या माणसाला ८६ डेसिबल ऐकवायचे, तर ४ मीटरवरच्या माणसाच्या कानावर ११० आदळणार. आणि ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असा एक जाणता हिशेब आहे. त्या हिशेबाने ११० ला दोन मिनिटेही मिळत नाहीत. कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी ह्यात मरतात त्या माणसाला पुन्हा उगवत नाहीत. म्हणून जाणकार तंत्रज्ञ एकच राक्षसी भिंत उभी करीत नाही. तो कर्णे उंच टांगतो, आणि मैदानात ठिकठिकाणी लहान मनोरे उभारून थोडे थोडे सर्वांना वाटतो.

दुसरी गोष्ट सबुरीची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो; विजेला मात्र वेळच लागत नाही म्हटले तरी चालेल. शंभर मीटरवरचा मनोरा रंगमंचाबरोबरच बोलू लागला, तर तिथल्या श्रोत्याला आधी मनोरा ऐकू येईल आणि सुमारे ०.३ सेकंदाने रंगमंच. शब्दावर शब्द आदळेल. म्हणून त्या मनोऱ्याला तेवढा वेळ, आणि वर आणखी काही सहस्रांश सेकंद, थांबवून ठेवतात. १९४९ साली हास नावाच्या जर्मन संशोधकाने दाखवले, की आधी पोचलेल्या आवाजाची दिशा हीच कान खरी मानतो. त्यामुळे बळ मनोऱ्याचे असले तरी श्रोत्याला वाटते, गाणे रंगमंचावरूनच येत आहे. ही फसवणूक का? मला तसे वाटत नाही. जवळच्या बलवंताने दूरच्या मूळ आवाजाला आधी पुढे जाऊ द्यावे, ह्यात मला विनयच दिसतो.

पण एक श्रोता ह्या सगळ्या हिशेबाबाहेर राहतो. त्याने तिकीट काढलेले नसते, त्याला आमंत्रणही नसते. तो मैदानाच्या भिंतीपलीकडे खाटेवर पडलेला असतो, किंवा उद्याच्या परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेला असतो. २००० सालच्या नियमांनी त्याची दखल घेतली आहे. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही हद्द. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सण-समारंभांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत. पण कायदा घड्याळ पाहतो. शेजारी कसा आहे, हे आपणच पाहायचे असते.

ह्यावर एक उत्तर नेहमी मिळते. "सण वर्षातून एकदा येतो, आनंद का दाराआड कोंडायचा?" हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. दाराआडचा सण हा सणच नव्हे. १८९३ साली लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तो माणसे घराबाहेर पडून एकत्र यावीत म्हणूनच. पण एकत्र येणे म्हणजे बोलावणे आणि येणे. दिवाळीत आपण शेजारी फराळाचे ताट पाठवतो. त्याच्या तोंडात लाडू कोंबत नाही. ताट झाकून ठेवायची मुभा त्याला असते, म्हणूनच ते ताट प्रेमाचे ठरते. भिंती हादरवणाऱ्या कर्ण्यात ही मुभाच उरत नाही.

मग दोष कोणाचा? "मी काय, सांगितले तेवढा आवाज सोडतो," असे तो तंत्रज्ञ म्हणेल. मालकाने सांगितले म्हणून गर्दीत गाडी दामटणाऱ्याला आपण सोडत नाही, तेव्हा ह्यालाही पुरते सोडता येत नाही. कानाला काय सोसते हे त्या मैदानात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि जाणत्याचा वाटा अजाणत्यापेक्षा मोठा असतो. पण भाड्याची सामग्री घेऊन आलेल्या, रात्रीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या पोराच्या गळ्यात सारे पाप बांधून आपण मोकळे होऊ नये. मजुरी अडवून "अजून वाढव" म्हणणारा कार्यकर्ता, त्याला वर्गणी देणारे आपण, आणि आवाजाच्या मापाने उत्सवाची थोरवी मोजणारी आपली हौस, ह्यांचाही हात त्या सरकपट्टीवर असतोच.

म्हणून मला वाटते, प्रत्येक मंडळाने कार्यक्रमाआधी एक साधी गोष्ट करावी. तंत्रज्ञ मैदानात फिरून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकून येतोच. त्याच्याबरोबर एका कार्यकर्त्याने भिंतीबाहेर जावे, गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत चालावे, तिथे क्षणभर उभे राहून ऐकावे, आणि परत येऊन सांगावे. त्याचे ऐकून सरकपट्टी खाली आली, तर गाण्याचे काही बिघडणार नाही. उलट त्या घरातले कोणी आपण होऊन खिडकी उघडील, हेही अशक्य नाही.