आंधळ्याच्या वाटेतला धोंडा

आमची थोरली बहीण आक्का आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ठाण्याचे घर बंद करून ती न्यू जर्सीला मुलाकडे राहावयास गेली त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. अलीकडे तिला समोरचे मधोमध धूसर दिसते, कडेचे तेवढे दिसते. तरी बाई हार मानणारी नाही. भाच्याने तिच्या फोनमध्ये अक्षरे वाचून दाखविणारा आवाज चालू करून दिला आहे. तो कानाशी धरून ती औषधे मागविते, बँकेचा हिशेब ऐकते आणि दर शुक्रवारी आम्हांला शब्बाथ शालोमचा निरोप धाडते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर तिच्याकडे होतो. बँकेचा कागद वाचून दाखविताना एक रक्कम पुन्हा पुन्हा दिसू लागली: १२ डॉलर ९९ सेंट, दर महिन्याला, चौदा महिने. विणकामाचे नमुने दाखविणारी कोणतीशी वेबसाइट आक्काने एकदा आठवडाभर फुकट म्हणून घेतली होती. आठवडा संपला, नमुने विसरले गेले, पैसे मात्र जातच राहिले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आम्ही आक्कासमोर उच्चारली नाही एवढेच.

ते बंद करावयास दुपारी बसलो. सभासद होण्याचे बटण पहिल्याच पानावर बोराएवढे ठळक होते. सोडण्याचे बटण कोठेच नाही. शेवटी पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत एक ओळ सापडली. ती दाबली तर रंगीत बटण म्हणते, ‘माझे फायदे चालू ठेवा’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘नको, मला पैसे वाचविणे आवडत नाही’. पुढे आणखी पान, आणखी प्रश्न. आक्काच्या फोनचा आवाज तर नुसता ‘बटण, बटण, बटण’ एवढेच म्हणत होता. आक्का म्हणाली, “अरे, त्या बटणांवर काही लिहिलेले नाही का?” डोळ्यांना दिसेल असे लिहिलेले होते. कानाला ऐकू येईल असे लिहिण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

संध्याकाळी भाचा कामावरून आला. तो स्वतः वेबसाइटी बांधण्याचेच काम करतो. त्याने चार मिनिटांत ते प्रकरण मिटविले आणि हसून म्हणाला, “मामा, फार हुशारीने केलंय हं हे.” मग तो एकदम गप्प झाला. जेवणानंतर भांडी पुसता पुसता त्याने सांगितले की, त्याच आठवड्यात त्याच्या वरिष्ठांनी त्याला असेच एक पान करावयास सांगितले होते. “मालकाने सांगितलं तर काय करायचं, मामा?”

हा प्रश्न आमच्या भाच्यापुरता नाही. अश्दोद, लोद, दिमोना येथील किंवा अमेरिकेतील आपल्या कित्येक घरांत आज कोणी ना कोणी संगणकावर पोट भरणारे आहे. म्हणून येथे लिहीत आहोत.

वय्यिक्रा म्हणजे लेवीयाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शाप देण्यास आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई आहे, हे आपण केदोशीमच्या पाराशात दरवर्षी ऐकतो. लहानपणी आम्हांला वाटे, असले दुष्ट काम करणार तरी कोण? न्यू जर्सीतल्या त्या दुपारी समजले की, असे धोंडे दोन जातींचे असतात. एक निष्काळजीपणाने राहून गेलेला, दुसरा मुद्दाम आणून ठेवलेला.

पहिल्याविषयी भाच्याने आम्हांला बरेच शिकविले. चित्र टाकले तर त्यामागे त्याचे दोन शब्दांत वर्णन लिहावे लागते, म्हणजे अंध माणसाचे यंत्र ते वाचते. फॉर्ममधील प्रत्येक रकान्याला नाव जोडावे लागते. माउस हाती धरता न येणाऱ्याला केवळ कळफलकावर सर्व काम उरकता आले पाहिजे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर हवे. फॉर्म चुकला तर नुसते तांबडे न करता काय चुकले ते शब्दांत सांगावे. यात रॉकेट उडविण्याचे शास्त्र कोठेच नाही. हे नियम १९९९ सालीच लिहून प्रसिद्ध झाले, २००८ साली त्यांची दुसरी आवृत्ती निघाली, आणि इस्राएलचे ५५६८ क्रमांकाचे मानकही त्यांवरच आधारलेले आहे. तरी युटा स्टेट विद्यापीठातील वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठे यंत्राने तपासते, तिला २०२४ साली ९५.९ टक्के पानांवर या नियमांचे उल्लंघन आढळले. शंभरातील शहाण्णव! दरवाजा बसवावयास विसरणारे सुतार शंभरांत शहाण्णव निघाले असते तर गावात घर कोणी बांधले असते?

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा २६ जुलै १९९० रोजी झाला. जगातील पहिली वेबसाइट त्यानंतर आली, त्यामुळे कायद्यात तिचे नाव नाही, आणि ‘दुकान’ म्हणजे विटांचेच की पडद्यावरचेही, यावर वकिलांनी वर्षानुवर्षे वाद घातला. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ साली टार्गेट या दुकानकंपनीवर दावा लावला. २००८ साली कंपनीने साठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे कॅलिफोर्नियातील एका अंध गृहस्थाला डॉमिनोजची वेबसाइट आणि अ‍ॅप वापरून आपल्या आवडीचा पिझ्झा मागविता येईना. तो न्यायालयात गेला. २०१९ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने त्याचे म्हणणे उचलून धरले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची विनंती ऐकण्याचेच नाकारले. एका पिझ्झ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत, असे म्हणून काहीजण हसले. आक्काला औषधे मागविताना पाहिलेला माणूस हसणार नाही.

हा धोंडा उचलावयास मन लागते आणि थोडा वेळ लागतो. मालकाशी भांडावे लागतेच असे नाही. भाचा म्हणतो की, बांधतानाच नीट बांधले तर खर्च किरकोळ येतो, बांधून झाल्यावर फोडावे लागले तर भारी पडतो. आम्ही उभा जन्म मुंबईत ड्राफ्टसमनची कामे केली, आम्हांला हे निराळे शिकवावे लागले नाही.

खरी अडचण दुसऱ्या धोंड्याची. २०१० साली हॅरी ब्रिग्नल या इंग्रज जाणकाराने अशा फसव्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारत सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. प्राइमचे सभासदत्व सोडू पाहणाऱ्याला चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय यांतून जावे लागे, असा आरोप होता. कंपनीच्या आत या वाटेला ‘इलियड’ म्हणत. होमरचे ते लांबलचक युद्धकाव्य ज्याला आठवले तो माणूस वाचलेला असला पाहिजे! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलर देऊन हे प्रकरण मिटविले. म्हणजे कायदा जागा आहे असे म्हणावे, तर सभासद होण्याइतकेच सोडणेही सोपे असावे असा जो नियम आयोगाने २०२४ साली केला होता, तो अपील न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कार्यपद्धतीच्या कारणावरून रद्द केला. कायद्याच्या भरवशावर बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कॅनडातील एका प्रोग्रामरने २०१६ साली आपली एक जुनी गोष्ट स्वतः लिहून प्रसिद्ध केली. एकविसाव्या वर्षी त्याने एका औषधासाठी तरुण मुलींची वेबसाइट बांधली होती. तीत एक प्रश्नावली होती. मुलीने काहीही उत्तरे दिली तरी, ते औषध तिला वर्ज्य नसले किंवा ती आधीच घेत नसली, तर शेवटी तेच औषध सुचविले जाई. त्याने सांगितल्याप्रमाणे बांधले, वाहवा मिळविली. मग एका सहकाऱ्याने बातमी आणली की, ते औषध घेणाऱ्या एका मुलीने जीव दिला. त्याची स्वतःची बहीणही तेच औषध घेत होती. त्याने तिला ते बंद करावयास लावले आणि नोकरी सोडली.

रब्बी श्लोमो यित्झहाकी, ज्यांना आपण राशी म्हणतो, त्यांनी अकराव्या शतकात फ्रान्समध्ये बसून त्या वचनाचा अर्थ सांगितला आहे. त्यांच्या मते येथे आंधळा म्हणजे त्या त्या बाबतीत ज्याला दिसत नाही असा कोणीही. अशा माणसाला त्याच्या हिताचा नसलेला सल्ला देऊ नये. शेत विकून गाढव घे म्हणावे आणि मागून ते शेत आपणच लाटावे, असे त्यांचे उदाहरण आहे. प्रश्नावलीचे याहून नेमके वर्णन आम्हांला सुचत नाही. वचनाच्या शेवटी देवाचे भय धरावयास का सांगितले, हेही राशी स्पष्ट करतात: सल्ला चांगल्या हेतूने दिला की वाईट, हे लोकांना कळू शकत नाही. ते देणाऱ्याच्या मनालाच ठाऊक असते.

आमचे आजे-पणजे कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. पण इतर सहा दिवस तेल घ्यावयास येणाऱ्याला घाण्यात काय पडले हे थोडेच दिसे? तेल शुद्ध हे तेल्याच्या शब्दावर. वेबसाइट वापरणाराही त्याच गिऱ्हाइकासारखा, आतले काही न पाहता भांडे पुढे करणारा.

आमच्या धंद्यात ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले, तिघांच्या सह्या. जिना पडला तर तो कागद बाहेर निघे. आम्ही भाच्याला विचारले, तुमच्या पानावर अशी सही असते काय? तो म्हणाला, “असते की. प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद असते, आणि ती पाहण्याच्या आज्ञेचं नावच ‘ब्लेम’ आहे. पण ती कंपनीच्या आत.” आक्काला ती दिसणार नाही.

डॉक्टराला परवाना लागतो, वकिलाला लागतो. इंजिनिअरांसाठी तो वायोमिंग राज्याने १९०७ सालीच लावला. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी अमेरिकेत २०१३ साली तशी परीक्षा सुरू झाली, पण परीक्षार्थीच इतके थोडे आले की २०१९ नंतर ती बंद पडली. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या मोठ्या संस्थेची १९७२ पासून आचारसंहिता आहे, २०१८ साली ती नव्याने लिहिली गेली. लोकहित मध्यवर्ती माना, असे ती सांगते. पण ती न पाळल्याने कोणाची नोकरी जात नाही. पाळल्याने जाऊ शकते.

मालकाने सांगितले म्हणून केले, हे उत्तर आपल्या रब्बींनी स्वीकारलेले नाही. पापाच्या कामात निरोप्या नसतो, असे तलमुद मानते. ज्याच्या हातून झाले त्याचे. हे आम्ही भाच्याला सांगितले खरे, परंतु त्याच्या घराचे हप्ते आम्ही भरत नाही, याचीही जाणीव ठेवली. म्हणून उपदेशाऐवजी आम्ही व्यवहाराचे बोललो. रागाने राजीनामा फेकू नकोस. तोंडी वाद घालू नकोस, लिहून दे. नुसता नकार देऊ नकोस, दोन क्लिकांत संपणारे दुसरे पान बनवून समोर ठेव. त्या पानामुळे नक्की कोणाचे किती नुकसान होईल आणि दंड झाला तर कंपनीला काय पडेल, ते आकड्यांत मांड. धर्म न समजणाऱ्या मालकाला हिशेब समजतो.

त्याने तसे केले. वरिष्ठ सभ्य होते. त्यांनी कागद वाचला, आभार मानले आणि ते काम पुण्याहून आलेल्या एका मुलाकडे सोपविले. तो मुलगा एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याची नोकरी सुटली तर दुसरी शोधावयास किंवा देश सोडावयास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तो नाही कसे म्हणणार? तीन आठवड्यांत पान लागले.

भाच्याचा फोन आला तेव्हा आम्ही परतलो होतो. “मामा, माझे हात स्वच्छ राहिले, पण धोंडा वाटेतच आहे. उलट माझ्याहून अडलेल्याच्या हातून ठेवला गेला. मग मी केलं काय?” आम्ही म्हणालो, तू लिहून दिलेस म्हणून तो कागद कंपनीत आहे, कधीतरी कोणी तो काढील. आमचेच उत्तर आम्हांला अपुरे वाटले. नकार देण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्याने तो द्यावा, एवढ्याने भागत नाही. ज्याच्यापाशी ती नाही त्याच्या बाजूला चारजणांनी उभे राहावयास हवे. डॉक्टर-वकिलांच्या मागे संस्था असतात, त्यांची कुचंबणा थोडी तरी कमी होते. या मुलांच्या मागे अजून कोणी नाही.

भाच्याने पुढे एवढे केले की, त्या मुलाबरोबर बसून पानावरील प्रत्येक बटणाला नाव जोडून दिले. निदान यंत्र नुसते ‘बटण, बटण’ म्हणणार नाही. हे चांगले केले की फसव्या पानाला मदत केली, यावर आमचे आणि त्याचे अजून एकमत नाही.

आक्काला ही हकीकत कळली तेव्हा तिने फक्त विचारले की, तो पुण्याचा मुलगा एकटा राहतो का. मग शुक्रवारी त्याला जेवावयास बोलाविले. अक्षरे वाचणारा फोन खरोखरीच वापरणारे माणूस त्याने तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. जेवणाआधी अर्धा तास तो आक्काशेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि ती त्याला औषधे कशी मागवायची ते दाखवीत होती.