खोगिरावर चढवणारे हात

हेलसिंकी म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात. २३ जुलै १९५२ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लानं तिथे कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. त्यानंतर आठवडाभरात त्याच शहरात डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक स्वीडनच्या हेन्री सेंट सीर यांचं होतं. लिसला आपल्या पायांनी विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढता येत नव्हतं. ज्यानं तिला हरवलं होतं त्याच सेंट सीरनी आधार देऊन तिला वर घेतलं.

तिचं दुखणं सुरू झालं सप्टेंबर १९४४ मध्ये. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. लिस २३ वर्षांची, ड्रेसाजमधली राष्ट्रीय विजेती, आणि गरोदर. पोलिओनं तिचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पाडलं. लस यायला अजून ११ वर्षं होती. मूल सुखरूप जन्मलं. मग आई आणि नवरा यांच्या मदतीनं ती तान्ह्या बाळासारखी पहिल्यापासून शिकू लागली: आधी हात उचलणं, मग रांगणं, मग कुबड्यांवर उभं राहणं. गुडघ्यांखालची ताकद मात्र परत आली नाही. तरी १९४७ च्या स्कँडिनेव्हियन स्पर्धेत ती दुसरी आली.

ड्रेसाज म्हणजे काय हे ठाऊक असेल तरच याचं मोल कळतं. या प्रकारात घोड्याला पळवायचं नसतं, उड्या मारायला लावायच्या नसतात. आखलेल्या चौकोनात त्याच्याकडून ठराविक चाली अचूक करून घ्यायच्या असतात, आणि पाहणाऱ्याला स्वाराची सूचना दिसताही कामा नये. ही सूचना बहुतेक वेळा पोटरीतून आणि टाचेतून जाते. लिसकडे त्या दोन्ही नव्हत्या. उरली होती ती मांड, पाठीचा कणा आणि शरीराचा तोल. ज्युबिली नावाच्या घोडीनं ही वेगळी भाषा तिच्याबरोबर शिकून घेतली. हेलसिंकीनंतर चार वर्षांनी स्टॉकहोमला लिसनं पुन्हा रौप्यपदक जिंकलं.

ही कहाणी सांगताना सगळा भर तिच्या जिद्दीवर दिला जातो. जिद्द होतीच. पण मला त्या कहाणीतले बिननावाचे हात जास्त महत्त्वाचे वाटतात. लिसला घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागे. म्हणजे सरावाच्या प्रत्येक दिवशी कुणीतरी ठरल्या वेळी येत होतं, तिला उचलून खोगिरावर बसवत होतं आणि सराव संपेपर्यंत थांबत होतं. थंडीत, पावसात, निकाल वाईट लागल्यानंतरच्या सकाळीसुद्धा. एकदा तिला वर बसवलं की ते बाजूला होत. लगाम तिच्या हातात राही. आजारी माणसाला आधार देण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही. रोज यायचं, लागेल तेवढंच उचलायचं, आणि जे त्याला स्वतःला करता येतं त्याला हात लावायचा नाही.

याशिवाय एक दार उघडावं लागलं. १९४८ पर्यंत ऑलिंपिकच्या या मैदानात स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि सैन्यातल्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांना होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघानं सुवर्ण जिंकलं, पण त्यातला गेहनॅल पेर्सन हा प्रत्यक्षात सार्जंट असल्याचं निघालं आणि पदक काढून घेण्यात आलं. त्या प्रकरणानंतर नियम बदलले. १९५२ मध्ये पहिल्यांदा चार स्त्रिया ड्रेसाजमध्ये उतरल्या, त्यांतली एक लिस. नियम तसाच राहता तर तिची सगळी जिद्द ऑलिंपिकच्या दाराबाहेरच राहिली असती. आजाऱ्याच्या पाठीशी उभं राहण्यात नियमांशी भांडणंही येतं, हे आपण सहसा विसरतो.

त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेली मुलं येत होती आणि त्यांना श्वास देणारं मोठं यंत्र एकच होतं. लिसच्या पदकाला जेमतेम महिना झाला असेल. २७ ऑगस्ट रोजी भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या छातीत हवा भरली. ती जगली. मग प्रत्येक रुग्णाच्या उशाशी पिशवी दाबायला माणूस हवा झाला. महिनोन्‌महिने, रात्रंदिवस, पाळ्या लावून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी हे काम केलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानतात. त्या विद्यार्थ्यांना सहानुभूती वाटत असणारच. पण रुग्ण जगले ते रात्री दोनची पाळी चुकली नाही म्हणून.

अशा पाळ्या दुसऱ्या दुखण्यांतही लागतात. आज घोडेस्वारी करणाऱ्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर काय होतं? तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. प्लेटलेट्स उतरल्या की साधं पडणंही जिवावर बेतू शकतं, त्यामुळे घोडा बंद. पांढऱ्या पेशी उतरल्या की तबेलाही बंद, कारण जुन्या गवताच्या धुळीत बुरशी असते. विनक्रिस्टीन या औषधानं पायांतल्या नसा दुबळ्या होतात, कधी पाऊल वर उचलत नाही, आणि रिकिबीत पाय ठेवणाऱ्याला हे फार जाणवतं. म्हणजे रोगानं आधी शरीर धरलं, आणि मग ज्या जागी ते मूल स्वतःला ओळखत होतं ती जागाही काढून घेतली. भेटायला येणारे बिचारे फळं आणतात, केस कधी येतील विचारतात. घोड्याबद्दल कुणी विचारत नाही. मुलाला वाईट वाटेल, असं त्यांना वाटतं.

माझं मत उलटं आहे. घोड्याबद्दलच विचारा. आणि विचारून थांबू नका, कारण घोडा वाट पाहत नाही. त्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं, म्हणून त्याला थोडं थोडं सतत खावं लागतं. व्यायाम चुकला की पाय सुजतात, पोटशूळ उठू शकतो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. मोतद्दाराचा पगार थकता कामा नये. हे सगळं आजाऱ्याच्या आईबापांवर टाकलं, तर पहिला निर्णय घोडा विकण्याचा होतो, आणि तो बहुधा मुलाला न विचारता होतो. क्लबातल्या चार स्वारांनी वार वाटून घेतले तर ही वेळ येत नाही. घोडा फिरवून आणा, त्याची चाल कशी होती ते मुलाला फोनवर सांगा, आणि उद्या काय करायचं हे त्यालाच ठरवू द्या. विकावाच लागला, तर तो निर्णयही त्याच्यासमोर व्हावा.

दुसरी पाळी रक्तपेढीची. दान केलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात; त्यामुळे एकाच दिवशी चाळीस जण धावून येण्यापेक्षा दर आठवड्याला दोघं आलेले बरे. रक्तमूलपेशी बदलण्याची वेळ आली तर सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक असते. नाही जुळलं तर अनोळखी दाता शोधायचा, आणि तो बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. म्हणून आपल्या लोकांची नोंदणी वाढायला हवी. त्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवण्यापलीकडे काही लागत नाही.

घोडेस्वारी हा पैसेवाल्यांचा खेळ, त्यांना कसली मदत, असं म्हणणारेही भेटतात. दीर्घ दुखण्यापुढे हा हिशेब टिकत नाही. शिवाय घोड्यावर बसणारी सगळीच मुलं बंगल्यातली नसतात. कुणी मोतद्दाराचा मुलगा असतो, कुणी माथेरानच्या घोडेवाल्याचा. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावचे लोक येतात आणि त्यांतले कितीतरी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथल्या मुलालाही गावाकडे मागे ठेवलेलं एखादं जनावर असतंच, आणि त्याचं कोण बघतंय हे कुणीतरी त्याला सांगायला हवं.

लिस हार्टेल २००९ मध्ये वारली. १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्ये अपंग घोडेस्वार ड्रेसाज करतात, आणि त्यांना गरजेप्रमाणे दोन चाबूक, खास लगाम, बदललेलं खोगीर वापरायची नियमानंच मुभा आहे. आपल्या क्लबांनी आणि शाळांनीही आजारातून परतणाऱ्या मुलासाठी अशी सोय आधीच लिहून ठेवावी. आणि वाचकहो, तुमचं वय १८ च्या पुढे असेल, प्रकृती चांगली असेल, तर जवळच्या रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट्स देणाऱ्यांच्या यादीत नाव लिहा.