कशासाठी चाललात?



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती आणि लोक चर्चच्या अंगणात बोलत उभे होते. ओळखीच्या एक बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, थोरला पुढच्या महिन्यात दुबईला चाललाय, व्हिजिट व्हिसावर. तिथं गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देणार आहे. त्याच्यासाठी मिस्सा सांगायची आहे." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण एजंट म्हणतो, विमानतळावर कोणी विचारलं तर फिरायला चाललोय म्हणून सांग. खोटं बोलून जाणाऱ्यासाठी मिस्सा सांगितली तर चालेल का हो?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी बोलू," एवढेच म्हणालो. हा प्रश्न त्या माऊलीचा एकटीचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी परदेशी आहे. म्हणून आठवडाभर जो विचार केला तो आपणापुढे मांडतो.

पाहुण्याचा व्हिसा नोकरीच्या व्हिसात बदलून घेणे हेच मुळात वाईट आहे काय? आधी कायदा पाहू. संयुक्त अरब अमिरातीत पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला नोकरी मिळाली, तर देश न सोडता व्हिसा बदलून घेता येतो. मात्र परवाना हाती येण्याआधी काम करणे हा तेथे गुन्हा आहे. अमेरिकेत पाहुण्याला नोकरी शोधण्याची, मुलाखत देण्याचीही मुभा आहे. पण कंपनीचा अर्ज मंजूर होऊन नवा दर्जा लागू होईपर्यंत कामाला हात लावता येत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्याला देशात राहून नोकरीचा व्हिसा मिळत नाही. बाहेर जाऊनच अर्ज करावा लागतो. कॅनडाने करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, पाहुण्यांना तिथे राहूनच कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सवलत दिली आणि २८ ऑगस्ट २०२४ रोजी ती बंद केली.

म्हणजे एकच कृती एका देशात चालते, दुसऱ्या देशात चालत नाही. कॅनडात तर ती २०१९ साली नियमाबाहेर होती, २०२१ साली नियमात होती आणि आज पुन्हा बाहेर आहे. पाप-पुण्य असे सरकारी हुकमाने बदलते काय? नाही. योग्य कायदा पाळणे हे आपले कर्तव्य आहे, हे खरेच. पण व्हिसा बदलणे ही गोष्ट स्वतः चांगली नाही आणि वाईटही नाही. मग त्या बाईंच्या मनाला टोचत होते ते काय?

समजा, सणाला तुमच्या घरी एक पाहुणा आला. चार दिवस राहिला, तुमची वाडी त्याला आवडली आणि तो म्हणाला, "मला इथंच काम द्या." तुम्ही हो म्हणाल किंवा नाही म्हणाल, पण त्याने तुम्हाला फसवले असे म्हणणार नाही. दुसरा एक जण असाच सणाचे निमित्त सांगून आला, पण बिऱ्हाड थाटायचे हे त्याने निघतानाच ठरवले होते. चार दिवसांनी दोघेही तेच मागतात. तरीही दोघांत फरक आहे, आणि तो दारात बोललेल्या शब्दात आहे.

व्हिसाच्या खिडकीवर आणि विमानतळावर विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच असतो: "कशासाठी चाललात?" हा प्रश्न पगाराचा नाही, शिक्षणाचाही नाही. तो हेतूचा प्रश्न आहे, आणि हेतू फक्त उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक असतो. बहिणीला भेटायला गेलेल्या मुलाला तिथे नोकरी चालून आली आणि त्याने रीतसर अर्ज केला, तर तो खोटे बोलला नाही. त्याचा हेतू नंतर बदलला. पण नोकरीचे पत्र बॅगेत ठेवून "फिरायला चाललोय" म्हणणारा आठव्या आज्ञेसमोर उभा आहे. अमेरिकेच्या नियमांतही हा फरक दिसतो. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत पाहुण्याने विनापरवाना नोकरी धरली, तर त्याने व्हिसा घेतानाच खोटे सांगितले असे धरून चालता येते. ते जाणूनबुजून केल्याचे सिद्ध झाले, तर त्या देशाचे दार त्याला कायमचे बंद होऊ शकते.

आता कोणी म्हणेल, "सर, सगळेच तसे करतात. श्रीमंत देशांनी भिंती उभारल्या आहेत. गरिबाने पोट कसे भरायचे?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात स्थलांतराचा हक्क मानवी हक्कांत गणला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये कामासाठी देश सोडणाऱ्यांची पिळवणूक होऊ नये असे बजावले. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीचा २२४१ वा परिच्छेद समृद्ध देशांना सांगतो की, शक्य तेवढे परक्याला आसरा देणे हे तुमचे कर्तव्य आहे. पण तोच परिच्छेद पुढे येणाऱ्यालाही सांगतो की, ज्या देशाने आसरा दिला त्याचे कायदे पाळ. आपण पहिला भाग मोठ्याने वाचतो आणि दुसरा मनातल्या मनात.

गरजेचे म्हणाल, तर संत थॉमस अक्विनास यांनी लिहिले आहे की, जीवावर बेतले असता दुसऱ्याची भाकर घेणे ही चोरी ठरत नाही. उलट संत ऑगस्टीन यांचे मत असे की, जीव वाचवण्यासाठी बोललेले खोटेही पापच. एवढी कठोर कसोटी आपल्याला झेपणार नाही असे क्षणभर धरू. तरी प्रामाणिकपणे विचारू या, आपली गरज खरोखर जीवावर बेतलेली आहे काय? हेरोदाच्या तलवारीपासून बाळाला वाचवण्यासाठी योसेफ रातोरात मिसरला निघाला. आपला मुलगा निघतो तो बहुधा बऱ्या पगारासाठी, घराच्या दुसऱ्या मजल्यासाठी, बहिणीच्या लग्नाच्या कर्जासाठी. या इच्छा चांगल्याच आहेत. पण त्यांना उपासमार म्हणू नये.

"यात नुकसान कोणाचे होते?" असेही विचारले जाते. पहिले नुकसान खोटे बोलणाऱ्याचे. परवान्याविना कामावर उभा राहिलेल्या माणसाचा पगार अडला, तर तक्रार करायची कुठे? तक्रार करायची म्हणजे आधी आपला गुन्हा कबूल करायचा. मालकाला हे माहीत असते. आपण बोललेल्या खोट्याची दोरी अशी दुसऱ्याच्या हातात जाते. अमिरातीत मुदत संपल्यानंतर दर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. कंपनीने व्हिसा बदलून दिला नाही, तर तो मुलगा कोणाकडे पाहणार?

दुसरे नुकसान आपल्याला दिसत नाही. समजा, एखाद्या आजीला परदेशातल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला जायचे आहे. ती खरोखरच पाहुणी म्हणून जाऊन परत येणार आहे. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने तिच्याआधी "फक्त भेटायला चाललोय" हे वाक्य खोट्या तोंडून पुष्कळदा ऐकलेले असते. म्हणून तो आजीवर विश्वास ठेवत नाही. गावच्या सामायिक विहिरीसारखा विश्वास सगळ्यांचा असतो. एकाने घाण केली, तर सगळ्यांनाच तहानलेले राहावे लागते.

आणि एजंट? खोटे पढवणाऱ्याचा दोष खोटे बोलणाऱ्यापेक्षा मोठा, कारण त्याला गरज नसते, नफा असतो. अमिरातीने २०२४ साली कायदा कडक केला. विनापरवाना कामावर ठेवणाऱ्या किंवा माणसे आणून त्यांना काम न देणाऱ्या मालकाला आता १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते. ती आहे की नाही हे पैसे देण्याआधीच तपासावे. जो एजंट पहिल्याच भेटीत आपल्या मुलाला खोटे बोलायला शिकवतो, तो आपल्याशी खरे बोलत असेल कशावरून?

पुढच्या रविवारी त्या बाई भेटल्या. मी म्हणालो, "मिस्सा जरूर सांगा. मुलासाठी प्रार्थना करायला कसली परवानगी लागते? फक्त 'खोटं पचू दे' असं मागू नका. 'खरं बोलायचं धैर्य दे' असं मागा. आणि मुलाला सांगा, कंपनीला तुझी खरोखर गरज असेल, तर नोकरीचा प्रवेश परवाना तिकडूनच काढून पाठवा म्हणावं. ती रीत आहे. चार आठवडे जास्त लागतील, एवढंच."

"आणि कंपनी नाही म्हणाली तर?"

"तर मग निघण्याआधीच बरंच काही कळलं म्हणायचं."

त्या हसल्या नाहीत. घरावर कर्ज आहे, मुलाचे वय वाढते आहे, हे मलाही ठाऊक आहे. सल्ला देणे सोपे. हप्ता मला भरायचा नाही. म्हणून ज्यांची मुले असे बोलून आधीच गेली आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. निदान पहिल्या खोट्यावर दुसरे खोटे रचू नये, कागदपत्रे शक्य तितक्या लवकर सरळ करून घ्यावीत आणि मन मोकळे करायला पापनिवेदनाची जागा आहेच.

परवा त्या बाईंनी सांगितले की, मुलाने कंपनीला पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. मिस्सा मात्र त्यांनी सांगितली आहे, येत्या शुक्रवारी सकाळची. ज्यांना जमेल त्यांनी यावे.